आमच्या घरच्या समीक्षकमहोदयांस अनावृत पत्र

वयाने चि. आणि अधिकाराने ती. रा. रा. भाचेसाहेब यांस,

स. न. वि. वि.

मामाने भाच्याला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहावेत अशी रीत आहे. पण जो मुलगा स्वतःचा दहावीचा निकाल लागायच्या आत फाळके ते मंजुळे अशा सगळ्यांचे निकाल लावून मोकळा होतो, त्याला आशीर्वाद द्यायची आमची काय प्राज्ञा? म्हणून नमस्कार. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण आपल्यासारखे समीक्षक हल्ली घरटी एक आहेत आणि त्यांच्या मामांनाही लिहायचे कष्ट वाचावेत.

‘शोले’ स्लो आहे, त्याला एडिटिंगच नाही, हा आपला निवाडा आम्हांला शिरसावंद्य आहे. १५ ऑगस्ट १९७५ला तो लागला, तेव्हा पहिल्या काही दिवसांत भल्याभल्या जाणकारांनीही तो पडला म्हणून हात झटकले होते. आपण एकटे नाही. पुढे मुंबईच्या मिनर्व्हामधून तो पाच वर्षं हलला नाही, हा त्या काळच्या प्रेक्षकांचा दोष. बिचाऱ्यांच्या हातात फोन नव्हता, समोर बघण्यावाचून करणार काय? अडचण एकच आहे. त्या वर्षी ‘शोले’ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला आणि तो संकलनाचा होता, एम. एस. शिंदे यांना. म्हणजे बाकी सगळ्या खात्यांत परीक्षकांचं आपल्याशी एकमत झालं होतं. जे नाहीच असं आपण म्हणता, नेमकं तेवढंच त्यांना दिसलं. असो. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ तीन तास एक मिनिटाचा आहे आणि कोल्ड्रिंकचा मोठा ग्लास रिचवूनही आपण जागचे हलला नव्हतात, याची आठवण आम्ही करून देणार नाही.

आपल्या हिशेबाच्या ज्ञानापुढे तर आम्ही हतबुद्ध आहोत. घरात दूध कितीचं येतं हे आपल्याला ठाऊक नसतं. पण हैदराबादेत तयार झालेल्या चित्रपटाने दुसऱ्या शनिवारी अमेरिकेत किती डॉलर कमावले, हे तोंडपाठ. त्यातला एक डॉलरही आपल्या आईच्या खात्यात जमा होणार नसताना आपण त्या आकड्यासाठी वर्गमित्रांशी अबोला धरता, याला निष्काम कर्मयोग म्हणतात. परवा मी दादा कोंडक्यांचं नाव काढलं. ‘सोंगाड्या’पासून सुरुवात करून या माणसाने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव केले आणि गिनीज बुकात नाव नेलं, असं सांगितलं. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे, हेही सांगितलं. आपण शांतपणे विचारलंत, “पण ओपनिंग डेचं कलेक्शन किती?” पंचवीस आठवडे लोक कशासाठी येत राहिले असतील, हा प्रश्न आपल्या मनाला शिवला नाही. बरोबरच आहे. सोमवारी उतरलेल्या चित्रपटाकडे बघायला हल्ली कोणाला वेळ आहे?

कॉपीबद्दलचा आपला संताप आम्हांला फार आवडतो. ‘सैराट’चा ‘धडक’ झाला, तेव्हा झालेला आपला त्रागा शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेला. “हिंदीवाल्यांना ओरिजिनल सुचतच नाही, आमची ‘बनवाबनवी’ बघा म्हणावं!” ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ची, तिची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, हे मी सांगितलं, तेव्हा आपल्या हातातला घास हातातच राहिला. ‘धूमधडाका’ हा ‘प्यार किये जा’वरून आणि तो मुळात एका तमिळ चित्रपटावरून, हेही ओघात सांगून टाकलं. दोन मिनिटं विचार करून आपण निर्णय दिलात : “आपण केलं तर ते अ‍ॅडाप्टेशन.” एवढी समज पुष्कळ मोठ्या माणसांनाही निवृत्तीनंतर येते.

मराठीत टॅलेंट नाही, हे मात्र आपण जरा घाईने म्हणालात. अकलूजची एक शाळकरी मुलगी साधारण आपल्याच वयाची असताना ‘सैराट’मध्ये उभी राहिली, चित्रपट लागायच्या आधीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिची खास दखल घेतली गेली. पडद्यावर ती बुलेट आणि ट्रॅक्टर चालवत होती. आपल्या हाती अद्याप स्कूटीची किल्ली आलेली नाही, याचा इथे काही संबंध नाही.

नटांच्या बाबतीत आपले निकष पक्के आहेत. खांदा एका बाजूला पाडून चालला, मागे आग लागली आणि तो वळून बघत नाही, तर तो ग्रेट अ‍ॅक्टर. ‘पुष्पा’ आल्यापासून आपण स्वतःच्या हनुवटीखालून तो पंजा फिरवता, तेव्हा तिथे दाढी अजून उगवायची आहे हे हाताला कळवायचं राहून गेलेलं असतं. आई, मावशी आणि आजी ‘बाईपण भारी देवा’ला नऊवारी नेसून, गॉगल लावून गेल्या, तेव्हा आपण “क्रिंज” म्हणून खोलीचं दार लावून घेतलंत. पुढे ‘छावा’ लागला, तेव्हा आपण कुर्ता घालून, कपाळावर चंद्रकोर लावून गेलात, चित्रपट संपल्यावर खुर्चीवर उभे राहून गारद दिलीत आणि घसा बसवून घरी आलात. आजीने हळद-दूध दिलं. ती “क्रिंज” म्हणाली नाही, कारण तिला तो शब्द ठाऊक नाही आणि थेटरात जाऊन वेडं होण्यात लाजण्यासारखं काही असतं, हेही ठाऊक नाही.

आता ‘सामना’कडे येतो. आमचा अर्ज खरं तर त्यासाठीच आहे. ‘इंटरस्टेलर’ आयमॅक्सवर पाहिला नाही तर पाहिलाच नाही, असं आपलं मत. त्यासाठी पडदा केवढा, आवाज कुठून आला पाहिजे, यावर आपण आजोबांना शिकवणी दिलीत. त्याच आपण जब्बार पटेलांचा १९७५चा ‘सामना’ तळहाताएवढ्या फोनवर, दीडपट वेगाने, अर्धा पाहिलात. आणि मत काय? “तो म्हातारा फार भरभर बोलतो.” भाचेसाहेब, ते डॉ. श्रीराम लागू. दोन वाक्यांमध्ये ते थांबत, तेव्हा थेटरात खोकला आलेला माणूस तो दाबून ठेवी. तेंडुलकरांनी लिहिलेला मास्तर, समोर निळू फुल्यांचा हिंदुराव. एक विचारतो, दुसरा टाळतो आणि सगळा खेळ त्या टाळण्याला किती वेळ लागतो यावर. तो वेळच आपण वेग वाढवून वाचवलात. वाचलेल्या वेळात काय पाहिलंत? ‘सामना’ ओव्हररेटेड का आहे, हे सांगणारं तीस सेकंदांचं रील.

इथे आमची खरी तक्रार आहे. आपली मतं टोकाची असतात, याचं आम्हांला दुःख नाही. सोळाव्या वर्षी मतं टोकाची नसतील तर मुलाला डॉक्टरकडे न्यावं. दुःख एवढंच की ती आपली नसतात. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, तशाच मान हलवण्यासकट खालच्या मजल्यावरच्या मुलाकडूनही ऐकू येतात. परवा तर दोघांच्या मतांत एकच स्पेलिंगची चूक निघाली.

आणि आपल्याला डोळा नाही म्हणावं, तर तेही खोटं. परवा दुपारी टीव्हीवर ‘बनवाबनवी’ लागली होती. ती नेहमीच लागलेली असते. इस्रायलच्या औषधाचा आणि सत्तर रुपयांचा प्रसंग आला. मीम पाहून पाठ असल्यामुळे आपण विनोदाच्या आधीच हसलात. मग एकदम गप्प झालात आणि फोन पालथा ठेवलात. प्रसंग संपल्यावर म्हणालात, “मामा, बोलतोय अशोक सराफ, पण हसायला येतंय ते घरमालकामुळे. तो बघ कसा ऐकतोय. मीममध्ये तो नसतोच.”

घरमालक म्हणजे सुधीर जोशी. समोरचा माणूस आपल्याला बनवतो आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर थोडंथोडं उतरतं आणि त्या उतरण्यावर अशोक सराफ आपलं पुढचं वाक्य ठेवतात. एकाने ऐकायचं थांबवलं तर दुसऱ्याचा विनोद जमिनीवर पडेल. फोनवरच्या तुकड्यात बोलणारा राहतो, ऐकणारा कापला जातो. हे मला एवढी वर्षं तो सिनेमा पाहून कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पुरवणीत छापून आलं नव्हतं. आपण सोफ्यावर लोळत, बाकरवडी खाता खाता बोलून गेलात. मी म्हटलं, हे लिही कुठेतरी. आपण म्हणालात, “असलं कोण वाचणार? याला लाइक नाही येत.” आणि फोन सुलटा करून कुठल्याशा चित्रपटाला ‘मिड’ म्हणून निकालात काढलंत. तो पुढच्या शुक्रवारी लागायचा आहे.

तर विनंती अशी की, आपण बेधडक मतं द्यावीत. ‘शोले’ला कंटाळवाणा म्हणा, पण कुठल्या प्रसंगात जांभई आली ते सांगा. नोलनला देव माना, पण गोष्ट न समजलेल्या जागीही मान डोलावू नका. एखाद्या नटावर जीव टाका, भिंतीवर पोस्टर लावा, भिंतीचा रंग गेला तर आईला मी समजावीन. सुट्टीत लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात खेळ असेल तेव्हा माझ्याबरोबर चला. तिथे कृष्णधवल चित्रपट बघून झोप लागली तर तेही प्रामाणिक मत समजलं जाईल. निदान ती झोप आपली असेल.

शनिवारी रात्री आमच्याकडे जेवायला यावं, ही आग्रहाची विनंती. जेवणानंतर ‘सामना’ लावतो आहे, पहिल्यापासून. वेग डॉ. लागूंचा राहील आणि रिमोट माझ्याकडे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
तिकिटं काढणारा मामा