साडेतीनशेची पावणेदोनशे

कोल्हापुरात जुनी मोटारसायकल घ्यायला जाणाऱ्याने घरून पोटभर जेवून निघावं. तिथल्या विकणाऱ्याच्या हातात मटण हे फार जबर हत्यार असतं. मी राजदूत ३५० बघायला गेलो, तेव्हा अण्णांनी (साखर कारखान्यातले निवृत्त फिटर, एवढी ओळख पुरे) गाडीवरची ताडपत्री काढायच्या आधी ताटं मांडली. "पावणं, गाडी काय पळून चाललीय व्हय? आधी जेवून घ्या." तांबडा झाला, पांढरा झाला, पुन्हा तांबडा झाला. ज्याच्या घरचा पांढरा रस्सा वाटीवर वाटी प्यायलो, त्याला "दहा हजार कमी करा" कसं म्हणणार? व्यवहाराचं बोलायला तोंड उघडलं, तर ढेकर आली. तेवढ्यात अण्णांनी सौदा पक्का झाल्याचं घरात सांगून टाकलं.

ही गाडी म्हणजे मूळची यामाहाची आरडी ३५०. आपल्याकडे १९८३ पासून एस्कॉर्ट्सने काढली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर. घरोघरी स्कूटर एका अंगावर कलती करून किक मारायचे ते दिवस, आणि या गाडीत तीस अश्वशक्ती! जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याला ड्रम मिळाला. म्हणजे पळायची सोय जपानी आणि थांबायची देशी. तिच्यात प्रकार दोन: साडेतीस बीएचपीची हाय टॉर्क आणि नंतर पेट्रोल वाचावं म्हणून काढलेली सत्तावीसची लो टॉर्क. आजवर विकायला निघालेली लो टॉर्क माझ्या बघण्यात नाही. त्या बहुतेक कंपनीने स्वतःसाठीच बनवल्या असाव्यात.

"हाय टॉर्कच हाय," अण्णा म्हणाले, "आन इंजिनला आजून पाना लागलेला न्हाई."

कागदपत्रांचं पुराण थोडक्यात आवरतो. फॉर्म २९, फॉर्म ३०, चासी नंबरावर कागद धरून घासलेली पेन्सिल, आणि पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी नव्याने नोंदणी. आमच्या चासी नंबरातला एक आकडा गंजाने असा खाल्ला होता की तो तीन की आठ हे अण्णा, मी आणि पेन्सिल मिळून ठरवत होतो. शेवटी जुन्या आरसीने निकाल दिला.

मग कोल्हापूर ते पुणे. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, सहापदरीकरणाच्या कृपेने दर थोड्या अंतरावर 'वळण रस्ता'. पहिल्या किकला गाडीने मला परत लाथ मारली, दुसरीला ती खोकली, तिसरीला अण्णांची गल्ली धुरात नाहीशी झाली. या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही. वेगळी टाकी असते आणि एक छोटा पंप ॲक्सिलरेटरच्या हिशेबाने ऑइल सोडत राहतो. "जरा जास्तच सोडलंय," धुरातून अण्णांचा आवाज आला, "जाम नको व्हायला!"

किणी टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही, तरी तिथल्या पोराने मला थांबवलंच. "काका, आवाज काढा की एकदा." काढला. मागच्या कंटेनरवाल्याने हॉर्न वाजवून आमच्या सांस्कृतिक कार्यक्रमाचा समारोप केला.

खरी मजा पेठ नाक्यावरच्या चहाला. गाडी स्टँडला लावली रे लावली की पन्नाशीपुढचे गृहस्थ जमू लागतात. पहिला म्हणतो, "कॉलेजात आमच्याकडे होती ही." दुसऱ्याच्या मामाकडे होती. तिसऱ्याचे मेहुणे तिच्यावरून उसात गेले होते आणि शेतकऱ्याने उसाचे पैसे घेतल्याशिवाय त्यांना बाहेर येऊ दिलं नाही. कराडला आणखी दोन मामा आणि एक माजी सरपंच भेटले. इतक्या मामांनी जर ती खरंच घेतली असती, तर एस्कॉर्ट्सला ती बंद का करावी लागली असती? खरी गोष्ट अशी की लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर पळणारी ही गाडी मामा लोकांनी शोरूमच्या काचेतून पाहिली. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, लिटरला ऐंशीच्या घरात जाणारी, आणि तिच्यासाठी त्यांनी निमूटपणे नंबर लावला. पण हे चारचौघांत बोलायचं नसतं. शिवाय चहाचे पैसे मामाच देतात.

उंब्रजच्या पुढे गाडीचा सूर बदलला. ती थांबली नाही, नुसती निरुत्साही झाली. दोन सिलिंडरचा हाच घोटाळा: एक प्लग मेला तरी गाडी चालत राहते, फक्त साडेतीनशेची पावणेदोनशे होते. रसवंतीच्या सावलीत घेतली. डावा प्लग कोरडा, पोटाशी छान तपकिरी. उजवा बाहेर आला तो काळा, ओला, टोकाशी ऑइलचा थेंब लोंबत असलेला. अण्णांची माया अशी बाहेर पडत होती. पेट्रोलने धुतला, पॉलिश पेपरने घासला, फुंकला. एवढ्यात रसवाल्याने चरक थांबवून माझ्या हातातून तो घेतला, गॅसच्या शेगडीवर चिमट्यात धरून भाजला आणि म्हणाला, "आता लावा." लावला, चालली. त्याच्याकडेही होती का, हे मी मुद्दाम विचारलं नाही.

खंबाटकीला पुण्याकडे येणाऱ्यांना घाट नाही, बोगदा आहे. त्या बोगद्यात मी तिसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पिळला. इतक्या वर्षांत ही गाडी घ्यावीशी का वाटत होती, ते त्या काही सेकंदांत दोन्ही सायलेन्सर मिळून ओरडून सांगत होते. बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या उतार आणि वळण आलं. तिथे मी ड्रम ब्रेकचा, दोन्ही पायांचा आणि कुलदैवताचा, अशा क्रमाने वापर केला.

पुण्यातल्या मिस्त्रींनी गाडी पाहून आधी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "कोणी हात लावलाय हिला?" मी अभिमानाने म्हणालो, "कोणीच नाही." त्यांनी हेड उघडलं, पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन चिंधीने पुसला आणि मला वाकायला लावलं. तिथे ठसठशीत छापलं होतं: ०.७५. म्हणजे पाना तर लागलाच होता, वर सिलिंडर पाऊण मिलिमीटरने मोठा करून झाला होता. आता तोही घासला होता.

"एक मिलिमीटरचं शेवटचं माप राहिलंय," मिस्त्री म्हणाले. "पण हे बोअरचं काम आधी ज्याने केलं त्याच्याकडूनच करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं काम दिसतंय, हात चांगला आहे."

"टेम्पोत घालून नेऊ?"

"टेम्पो कशाला? चालवत न्या की. फक्त चाळीसच्या वर जाऊ नका."