स्फोटमहर्षी

स्फोटमहर्षी ओळखायला सोपे. रात्री अकराच्या सुमाराला बंद खोलीतून एक प्रौढ माणूस स्वतःशीच दहापासून उलटे आकडे म्हणताना ऐकू येतो. मग घरघर. मग धडाम्. आणि त्यानंतर अतिशय समाधानाने, "अच्छा, असं आहे होय!" एवढं कानावर पडलं की समजावं, आत महर्षी तपाला बसलेत.

एरवी हा माणूस चारचौघांसारखा, किंबहुना चारचौघांपेक्षा अंमळ भित्राच. झोपण्यापूर्वी गॅसचा नॉब दोनदा तपासतो. सोसायटीच्या आवारात स्कूटर इकडची तिकडे लावायची असली तरी हेल्मेट घालतो. मुदत ठेवीखेरीज कशावर विश्वास नाही. दिवाळीत भुईचक्र पेटवायची वेळ आली की नेमका त्याला फोन येतो. आणि हाच माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की तीन जिवांना इंधनाच्या टाक्यांवर बसवतो, खाली मावतील तेवढे बूस्टर बांधतो आणि कसलीही चाचणी न घेता स्पेसबार दाबतो.

हे सगळं घडतं 'कर्बल स्पेस प्रोग्राम' नावाच्या खेळात. मेक्सिको सिटीतल्या 'स्क्वाड' या कंपनीने तो काढला. कंपनीचा मूळ धंदा जाहिराती आणि मार्केटिंगचा; रॉकेटांशी सुतराम संबंध नव्हता. पण तिथे नोकरीला असलेल्या फेलिपे फलांगेला शाळकरी वयात एक नाद होता. चांदीच्या कागदाचे छोटे पुतळे फटाक्यांवर बसवून तो उडवायचा, आणि त्या पुतळ्यांना 'कर्बल' म्हणायचा. २०११ मध्ये खेळाची पहिली आवृत्ती लोकांपुढे आली आणि २०१५ मध्ये तो पूर्ण झाला. या विद्येचं आद्यपीठच फटाक्याचं आहे, हे ध्यानात घेतलं म्हणजे शिष्यांकडून वावगी अपेक्षा राहत नाही.

खेळातले कर्बल म्हणजे हिरवे, बुटके, टपोऱ्या डोळ्यांचे जीव. प्रत्येकाच्या गुणपत्रिकेत दोन पट्ट्या असतात, एक धाडसाची आणि एक मूर्खपणाची. दोन्ही भरगच्च असलेला उमेदवार महर्षींना विशेष प्रिय. रॉकेट कलंडताना बाकीचे तोंड वासून किंचाळत असतात, तेव्हा जेबेडाया नावाचा एक वीर खुशाल हसत बसलेला दिसतो. महर्षींची गुरुभक्ती त्याच्यावर आहे.

पात्रं विनोदी असली तरी खेळातलं भौतिकशास्त्र थट्टा करत नाही. वजन, इंजिनचा जोर, हवेचा अडथळा, गुरुत्वाकर्षण, सगळ्याचा हिशोब क्षणोक्षणी होत असतो. रशियाच्या त्सिओल्कोव्स्कीने १९०३ मध्ये मांडलेलं समीकरण इथेही तसंच कडू लागतं. इंधन वाढवलं की वजन वाढतं, आणि ते वजन उचलायला पुन्हा इंधन. या पेचावर शहाणा माणूस यान हलकं करतो. महर्षी बूस्टर वाढवतात. "असं कुठे असतं का?" म्हणून विचारलं तर ते इतिहासाचा दाखला देतात. सोव्हिएत संघाच्या 'एन-१' या चंद्ररॉकेटच्या पहिल्या टप्प्याला ३० इंजिनं होती. आपण भीत भीत म्हणावं, की १९६९ ते १९७२ मध्ये ते चार वेळा उडवलं आणि चारही वेळा फसलं. त्यावर महर्षी हळहळतात, "चारच वेळा केलं ना त्यांनी!"

बूस्टर वाढले की रॉकेट कमरेत लचकायला लागतं, कारण खेळातले सांधे काही प्रमाणात स्प्रिंगसारखे वागतात. त्यावर उपाय म्हणजे स्ट्रट, अर्थात आधाराच्या दांड्या. एक स्ट्रट लावला की दुसरीकडे लचक भरते, तिथे दुसरा. शेवटी ती वस्तू रॉकेट कमी आणि गणपतीचा मांडव जास्त दिसू लागते. तिचं नाव फाइलमध्ये 'गरुड फायनल' असं असतं. तिच्याखाली 'गरुड फायनल नवीन', तिच्याखाली 'गरुड फायनल खरोखर' आणि सगळ्यात खाली नुसतंच 'गरुड चालणारं'. ते चालत नाही.

कारण अजून स्टेजिंग व्हायचं आहे. स्पेसबार दाबला की कोणत्या क्रमाने काय पेटायचं, काय सुटायचं आणि काय उघडायचं, त्याची उतरंड म्हणजे स्टेजिंग. महर्षींची तंद्री नेमकी याच कामात लागते. मग इंजिन पेटण्याआधी पॅराशूट उघडतं. किंवा खालचे बूस्टर सुसाट वर जातात आणि ज्यांना न्यायचं ते तिघे तळावरच राहतात. हसणाऱ्यांसाठी महर्षींनी याचाही दाखला राखून ठेवला आहे. जुलै २०१३ मध्ये रशियाचं एक प्रोटॉन रॉकेट तीन उपग्रहांसकट उड्डाणानंतर काही सेकंदांतच मान टाकून कोसळलं. चौकशीत निघालं, की फिरण्याचा वेग मोजणारे सेन्सर कुणीतरी उलटे बसवले होते. "उलटे!" महर्षी बोट नाचवत सांगतात. "माझं निदान सुलट तरी असतं."

अपयशाला महर्षी अपयश म्हणत नाहीत. "डिझाइन उत्तम होतं. त्याचे तुकडे झाले हा वेगळा विषय." अगदीच कारण सापडलं नाही तर खापर क्राकेनवर फुटतं. याला थोडा आधार आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत यान तळापासून फार लांब गेलं की कॉम्प्युटरला त्याची जागा पुरेशी बारकाईने मोजता येत नसे, आणि धडधाकट यान एकाएकी थरथरून फुटायचं. खेळाडूंनी त्या अदृश्य राक्षसाला क्राकेन म्हणायला सुरुवात केली. निर्मात्यांनी त्यावर तोड काढली ती अशी, की यान जागेवर ठेवायचं आणि त्याच्याभोवतीचं विश्व सरकवायचं. त्यामुळे तो राक्षस बराच माणसाळला. महर्षींच्या घरी मात्र तो अजून कामावर आहे. आमटी सांडली तरी "क्राकेन असेल."

आमटीचा प्रश्न तसा रोजचाच. "जेवायला येतोयस ना?" या हाकेला आतून उत्तर येतं, "कक्षेत पोहोचलो की आलोच." पूर्वी त्या माउलीला हे कळत नसे. आता ती फक्त विचारते, "किती उंचीवर आहेस?" सत्तर किलोमीटर म्हणाला, तर तिथे कर्बलांच्या ग्रहाचं वातावरण संपतं, म्हणजे पोळ्या टाकायला हरकत नाही. पण 'सरळ वर चाललोय' असं उत्तर आलं, की ती तवा खाली उतरवून ठेवते. सरळ वर गेलेलं सरळ खाली येणार, आणि मग सगळं पहिल्यापासून, हे तिलाही पाठ झालंय.

खुद्द महर्षींना ते कळायला पुष्कळ कर्बल खर्ची पडले. वर गेलं म्हणजे वर राहिलं, अशी बहुतेकांची समजूत असते, त्यांचीही होती. कक्षेत राहणं म्हणजे इतक्या वेगाने आडवं जाणं, की पडता पडता जमीनच चुकावी. हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरलं नव्हतं. जमीन लागत गेली तसतसं शिरलं. म्हणूनच २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महर्षींच्या आयुष्यात सुवर्णकाळ आला. चांद्रयान-३ १४ जुलैला निघालं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. सोसायटीत एकच चर्चा, "एवढे दिवस कशाला? अमेरिकेचे लोक चार दिवसांत पोहोचले होते." महर्षी जिन्यात उभे राहून समजावू लागले. अमेरिकेचं रॉकेट प्रचंड होतं, आपलं लहान. म्हणून पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारायच्या आणि दर वेळी पृथ्वीच्या सर्वांत जवळून जाताना इंजिन चालवायचं. वेग सर्वांत जास्त असतो तेव्हा दिलेला धक्का जास्त फळतो, फेरी आणखी लांबते आणि एक दिवस ती चंद्राला गाठते. लोक थक्क. ज्याला पाण्याच्या टाकीच्या बैठकीत कुणी बोलू देत नसे, त्याचं सगळं बोलणं लोकांनी ऐकून घेतलं. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या काकांनी आदराने विचारलं, "मग तुम्ही उतरलात का हो कधी चंद्रावर?"

"उतरलोय," महर्षी म्हणाले. "परत यायचं राहिलंय."

हे खरं आहे. पहिला वीर चंद्रावर उतरला तेव्हा टाकीत इंधनाचा थेंब उरला नव्हता. त्याला आणायला दुसरा गेला. त्याचं यान उतरलं, पण आडवं. दोघांना आणायला तिसरा गेला, तो डोंगराच्या पलीकडे उतरला आणि पायी निघाला, त्याला अंधार झाला. चौथ्याची शिडीच लावायची राहिली होती, त्यामुळे कुणालाच आत चढता येईना. असं होता होता तिथे चांगली वस्ती झाली. तिथे अजून निवडणूक झालेली नाही इतकंच.

हिशोबी पंथाचे खेळाडू असं होऊ देत नाहीत. ते आधी तक्ते मांडतात, लागणारा वेग दशांशापर्यंत काढतात, जातात, झेंडा रोवतात आणि परत येतात. त्यांच्या खोलीतून कसलाच आवाज येत नाही. महर्षींना त्यांची कीव येते. मात्र परवा, कुणाला सांगू नका, महर्षींनीही तक्ता मांडला. बूस्टर कमी केले, स्टेजिंग तीनदा तपासलं, शिडी लावली. यान वस्तीच्या अगदी शेजारी, चारी पायांवर उतरलं. एकेक जण आत चढू लागला. खुर्च्या मोजून घेतल्या होत्या, जेवढे अडकलेले तेवढ्या. फक्त न्यायला गेलेला वैमानिकही एका खुर्चीत बसलेला आहे, हे मोजण्यात आलं नव्हतं.

एक जण मागे राहिला. बाकीचे सुखरूप घरी पोहोचले. सोसायटीतल्या काकांनी "अरेरे!" म्हटलं, तर महर्षींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांना खेळच कळलेला नाही.

"अहो काका, तोही आला असता तर उद्या रात्री मी काय केलं असतं?"