पट्टी सोडा, पाटी द्या

३ डिसेंबर जवळ आला की शाळांतून रुमाल बाहेर निघतात. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, पटांगणात चालायला लावायचं, कुणी धडपडलं की बाई सांगणार, "बघा, किती कठीण असतं त्यांचं आयुष्य!" फोटो काढले की जागतिक दिव्यांग दिन साजरा झाला. हा खेळ बंद करा. मुलं त्यातून जे शिकतात ते चुकीचं असतं आणि मनात घट्ट बसतं.

पट्टी बांधून कळतात ती फक्त अंधत्वाची पहिली दहा मिनिटं. ना हातात काठीची सवय, ना पावलांच्या आवाजावरून भिंत ओळखण्याचा सराव. वर्षानुवर्षं काठीच्या आधारे दादर स्थानकाचा जिना चढणारा माणूस त्या मुलासारखा चाचपडत नसतो. मुलाला मात्र आपली घाबरगुंडी हीच त्या माणसाची रोजची अवस्था वाटते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात एरिएल सिल्व्हरमन यांनी सहकाऱ्यांसह नेमकं हेच तपासलं. त्या स्वतः अंध आहेत. २०१५ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष स्पष्ट होता: पट्टी बांधून पाहिलेल्यांना अंध माणसं नोकरी करायला आणि एकटी राहायला कमी समर्थ वाटू लागली. आपले विद्यार्थी उद्या मुलाखती घेणार आहेत, घरं भाड्याने देणार आहेत. तिथे ते हाच समज घेऊन बसतील.

कायद्याने शाळेला दयेचा तास घ्यायला सांगितलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ३९ शाळा-महाविद्यालयांतल्या जाणीव-जागृतीबद्दल बोलतं आणि त्यात दिव्यांगांच्या हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलांना हेच सांगायला हवं. वर्गमित्राला शाळेत यायचा हक्क आहे, मैदानावर खेळायचा हक्क आहे, सहलीला यायचा हक्क आहे. 'त्याला जमणार नाही' म्हणून सहलीच्या दिवशी घरी ठेवलेलं मूल हे हक्क हिरावलेलं मूल आहे, आणि बसमध्ये चढलेली बाकीची चाळीस मुलं तो धडाही गिरवतच असतात.

मग शिकवायचं काय? पट्टीऐवजी ब्रेल पाटी द्या. सहा ठिपके आणि त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या. डावीकडचा वरचा एकच ठिपका म्हणजे 'अ'. पाटीवर कागद अडकवून टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचं. पाचवीतल्या मुलांच्या हाती हे गुपित द्या आणि बघा, मधल्या सुट्टीत एकमेकांना चिठ्ठ्या टोचत बसतील. लुई ब्रेलने १८२४ मध्ये ही लिपी रचली तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता, हेही सांगा. दहावीतल्या मुलाच्या वयाचा! हे ऐकणाऱ्या मुलाच्या मनात कीव येत नाही, कुतूहल येतं.

बुद्धिबळाचा पट आणा. अंधांसाठीच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी असते, काळ्या मोहऱ्यांवर वेगळी खूण असते. डोळस मूल आणि अंध मूल समोरासमोर बसून खेळू शकतात, आणि डोळस मूल हरूही शकतं. ते हरायला हवं. बरोबरीचं नातं तिथे सुरू होतं.

चार साध्या गोष्टी तर आजच्या आज शिकवता येतात. अंध माणसाचा हात धरून ओढू नका, "मदत हवी का?" विचारा, हो म्हणाला तर आपलं कोपर पुढे करा, तो धरेल. चाकाच्या खुर्चीला न विचारता हात लावू नका. कर्णबधिर मैत्रिणीशी बोलताना तिच्याकडे बघा, सोबत आलेल्या आईकडे नको. तिच्यासाठी टाळ्या वाजवायच्या तर दोन्ही हात वर करून हलवा.

पालकांनो, बसमध्ये तुमची चिमुरडी मोठ्याने विचारते, "आई, त्या काकांना पाय का नाही?" तुम्ही तिला दटावता, "श्श! बघू नको तिकडे!" तिला कळतं की हा विषय लाजेचा आहे. इथून पुढे ती बघणार नाही, बोलणार नाही, मैत्रीही करणार नाही. त्यापेक्षा सांगा, "काही माणसांना एक पाय असतो. ते कुबडी घेऊन चालतात." एवढं उत्तर तिला पुरतं. काकांनाही ते त्या 'श्श'पेक्षा कमी बोचेल, याची मला खात्री आहे.

जिद्दीच्या गोष्टी सांगतानाही जरा पुढे जा. मुरलीकांत पेटकर सांगलीकडचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ मध्ये हायडलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. वर्गात गोष्ट इथे थांबते आणि बाई म्हणतात, "बघा, तुम्हाला तर दोन्ही पाय आहेत!" पेटकरांचं पदक तुमच्या मुलांना अभ्यासाला बसवण्यासाठी नव्हतं. मुलांना पुढचं सांगा: त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सेहेचाळीस वर्षं का लागली, हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि मुलांना बोलू द्या.

अर्थात पाटी, पट आणि गोष्ट यांनी सगळं भागत नाही. वर्गात दिव्यांग मूलच नसेल तर बाकीच्यांना शिकवणार कोण? त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत आणि सुविधा वापरता येतील असं करा. कित्येक शाळांत रॅम्प मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंतच जातो आणि वर्ग भरतो दुसऱ्या मजल्यावर. तो वर्ग खाली आणायला निधी लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं.

आणि नववीच्या मुलांसाठी तर खरं काम तयार आहे. दहावीच्या परीक्षेला अंध विद्यार्थ्यांना लेखनिक लागतो आणि तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दर वर्षी फेब्रुवारी उजाडेपर्यंत ही मुलं आणि त्यांचे पालक लेखनिक शोधत फिरतात, कारण बहुतेक घरांत उत्तर मिळतं, "आमच्या मुलाचा अभ्यास बुडेल." ३ डिसेंबरला रुमाल वाटण्याऐवजी लेखनिकांची नावनोंदणी करा. प्रश्न सावकाश आणि स्पष्ट कसा वाचायचा, सांगितलेलं जसंच्या तसं कसं लिहायचं, स्वतःला उत्तर येत असलं तरी ओठ कसे मिटून ठेवायचे, याचा सराव परीक्षार्थ्यासोबत बसून जानेवारीत करून घ्या. पेपर झाल्यावर दोघं मिळून वडापाव खायला जातील.