वॅटाला सव्वा रुपया

भाऊकाका भेंडी घेत असले की मी हमखास थांबतो. एकेका भेंडीचं टोक मोडून बघणार. टक् आवाज आला तर टोपलीत, नाही आला तर पुन्हा ढिगावर. कलिंगडाला टिचक्या मारतात, हापूसच्या देठाशी नाक नेतात, आणि नारळ कानाशी धरून हलवायला लागले की भाजीवाल्याचाही जीव टांगणीला लागतो. माणूस एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेला. डोळ्यांत तेल घालून बघायची सवय जन्माची.

एवढा चोखंदळ माणूस कॉम्प्युटरचा एसएमपीएस आणायला निघाला की मात्र डोळे, कान, नाक सगळं घरी ठेवून जातो. बरोबर नेतो तो फक्त भागाकार.

मी डोंबिवलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि काकांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो. एकाच माणसाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी याव्यात, हे बरं नव्हे. नातवाचा कॉम्प्युटर असेंबल करायचा ठरला तेव्हा यादी अर्थात मीच केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एकाही ओळीवर काका अडले नाहीत. एका बाजूला काच आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे असलेलं कॅबिनेट नातवानं मागितलं, तेही मंजूर. गाडी अडली शेवटच्या ओळीवर.

"एसएमपीएस, ४५० वॅट, २६०० रुपये. हे काय रे?"

"वीज देणारा डबा, काका."

"वीज महावितरण देतं. डबा काय देतो?"

मी समजावून सांगितलं. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी वीज. प्रोसेसरला, डिस्कला ती तशी दिली तर जळून जातील. त्यांना लागतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट, तेही सरळ आणि संथ. हा डबा आधी ती वीज सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतो, ते छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि पुन्हा सरळ करून, गाळून वाढतो.

"म्हणजे स्वयंपाकघर," काका म्हणाले.

उपमा चपखल होती. मी खूश होऊन मान हलवली.

"मग स्वयंपाकघरावर कोण २६०० घालतं? पाहुणे हॉलमध्ये बसतात."

शेवटी मी दुकानातला डबा स्वतःच्या जबाबदारीवर बसवला. पटला तर पैसे द्या, म्हटलं. आठव्या दिवशी काका डबा पिशवीत घालून परत घेऊन आले. "करंट मारतो," म्हणाले.

खोटं बोलत नव्हते. फरशीवर अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या, आणि टेस्टर लावला तर आतला दिवा मिणमिणायचा. दोष काकांच्या भिंतीचा होता. बिल्डिंग जुनी, बोर्डाच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगची वायरच नाही. चांगल्या एसएमपीएसच्या दाराशी एक गाळणी असते, आणि तिच्यातले दोन छोटे कपॅसिटर विजेतला कचरा डब्याच्या पत्र्यावर टाकतात. तिथून तो अर्थिंगनं जमिनीत जावा अशी योजना. जमिनीची वाटच नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर लटकून राहतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण काकांच्या बोटांना कळण्याइतका. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या, असं मी परोपरीनं सांगितलं. काकांनी इलेक्ट्रिशियनचा अंदाज विचारला आणि दुसऱ्याच दिवशी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले.

लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव पडून कित्येक वर्षं झाली. ते पाटीवर राहिलं आणि तोंडात लॅमिंग्टनच. तिथल्या गर्दीत काकांना त्यांच्या भागाकाराचं उत्तर सापडलं. ४५० वॅटचा डबा ५५० रुपयांना. संध्याकाळी मला हाक मारून त्यांनी गणित सांगितलं: माझा डबा वॅटाला पावणेसहा रुपये, त्यांचा सव्वा. "आणि हात लावून बघ. करंट मारत नाही."

मी हात लावला. खरंच मारत नव्हता.

तेव्हाच मला शंका आली. डबा उचलून पाहिला तर रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा हातात आला. चांगला एसएमपीएस दीड-दोन किलोच्या घरात असतो. हा किलोभरही नसावा. नारळ कानाशी धरणाऱ्या माणसानं हे हातात घेऊन बघितलं नव्हतं का? बघितलं होतं. "हलका आहे," ते कौतुकानं म्हणाले. "नवीन टेक्नॉलॉजी."

झाकण उघडलं. (घरी कुणी हा उद्योग करू नये. वायर काढल्यावरही आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये मिळून तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ दबा धरून बसलेले असतात.) सर्किटच्या पट्टीवर, जिथून वीज आत शिरते तिथेच, गाळणीच्या कॉइलचं चित्र छापलेलं, शेजारी तिचा नंबर, आणि कॉइलच्या जागी दोन सरळ तारा डकवलेल्या. बाजूच्या छोट्या कपॅसिटरांच्या जागी नुसती भोकं. लाट आली तर स्वतः मरून घर वाचवणारा व्हॅरिस्टर, त्याच्याही नावानं भोकंच. आमच्याकडे बिल्डरच्या ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल असतो ना, तसं. आणि करंट मारत नव्हता याचं रहस्यही त्या भोकांतच होतं. पत्र्यावर कचरा टाकणारे कपॅसिटरच नव्हते, तर झिणझिण्या येणार कुठून?

"काका, दुखणं गेलेलं नाही," मी म्हटलं. "नस काढून टाकलीय."

काकांनी लेबलावर बोट ठेवलं. "इथे ४५० लिहिलंय का नाही?"

लिहिलं होतं. त्याच लेबलावर खाली, मुंगीच्या अक्षरात, १२ व्होल्टच्या लाइनला १४ अँपिअर असंही लिहिलं होतं. बारा चौदा एकशे अडुसष्ट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जेवतात ते जवळजवळ सगळं याच बाराच्या पंगतीत. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टकडे मांडलेले, जिथे आता फारसं कुणी बसत नाही. आणि ते १६८ तरी खरे असतील असं त्या आतल्या बोटभर रुंदीच्या हीटसिंककडे बघून वाटत नव्हतं.

काकांनी गुणाकार तपासला. बरोबर आला. पण छापील कागदाविरुद्ध शेरा मारायचा नाही, ही नोकरीतली शिस्त. विषय संपला आणि काकांची वही उघडली.

या वहीबद्दल सांगायलाच हवं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असतं. 'एसएमपीएस' या शीर्षाखाली त्या दिवशी हिरव्या शाईनं नोंद झाली: बचत रुपये २०५०.

पहिला डबा दिवाळीत गेला. त्याच्या पाठीवर एक लाल खटका होता. एका बाजूला ११५ लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला २३०. अमेरिकेत वगैरे नेला तर उपयोगी पडावा म्हणून असतो. पाडव्याच्या पहाटे नातू मित्रांबरोबर फडके रोडला गेलेला, आणि मागे काकांनी साफसफाईत त्या फटीतली धूळ स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं काढली. धूळ निघाली, खटका सरकला. बटण दाबल्याबरोबर आतल्या दोनशे व्होल्टच्या कपॅसिटरांवर प्रत्येकी सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट आले. स्फोट चांगला झाला, पण दिवाळीच्या पहाटे कुणाला काय कळणार? समोरच्या गॅलरीतून एकानं "वा!" अशी दादही दिली. कळलं ते वासावरून. फुटलेल्या कपॅसिटरमधल्या रसायनाला सुक्या मासळीसारखा वास येतो. काकू फराळाचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, पाडव्याला कुणाकडे हो बोंबील?"

वहीत नोंद झाली ती अशी: 'दिवाळी, फटाके, रुपये ५५०.' मी चुकून बघितली. फटाक्यांचं शीर्ष दरवर्षी असतंच, त्यात एवढे सहज खपले.

दुसरा डबा असा वाजतगाजत गेला नाही. नातू गेम खेळायला बसला की बरोबर रंगात आल्यावर कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. नातवानं गेमला दोष दिला, सुनेनं नातवाला, काकांनी व्हायरसला. मी मीटर लावला. नियमानं १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली उतरता कामा नये. ही ग्राफिक कार्ड जागं झाल्याबरोबर ११ वर यायची. ग्राफिक कार्डाला जाणाऱ्या पिवळ्या वायरी इतक्या बारीक की तापून प्लगजवळ तपकिरी पडल्या होत्या. आत बघितलं तर कपॅसिटरांची डोकी आंबवलेल्या इडलीसारखी फुगलेली. काकांनी तोही बदलला. तसाच. त्याच दुकानातून. दुकानदारानं या वेळी दहा रुपये कमी केले, ते परतीच्या वडापावात गेले आणि हिशेबात दर ५५०च राहिला.

याच सुमाराला मी एक आगाऊपणा केला. चांगल्या डब्यांवर '८० प्लस' अशी मोहोर असते. हा उपक्रम २००४ साली सुरू झाला. भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के तरी आत पोचली पाहिजे, अशी त्याची मूळ अट. काकांच्या डब्यासारखे डबे पासष्टच्या आसपास पोचवतात आणि उरलेल्यात खोली तापवतात. नातवाचा कॉम्प्युटर १५० वॅट खात असेल आणि रोज सहा तास चालत असेल, तर या फरकापायी वर्षाला पंचाण्णवच्या आसपास युनिट निव्वळ ऊब म्हणून जातात. युनिटला आठ रुपये धरले तरी साडेसातशेच्या वर रुपये. मी कागदावर मांडून दाखवलं. काकांनी बेरीज-वजाबाकी लाल पेन्सिलीनं तपासली, बरोबर म्हणून खूण केली आणि कागद मला परत दिला.

"हे लाइट बिलात येतं. एसएमपीएसमध्ये नाही घेता यायचं."

तिसरा डबा एकटा गेला नाही. चांगल्या एसएमपीएसचं एक वळण असतं. व्होल्टेज हाताबाहेर जातंय असं दिसलं की तो आधी स्वतःचं दार बंद करून घेतो. मरायचंच झालं तर एकटा मरतो. हा जाताना मदरबोर्डाला आणि हार्ड डिस्कला हाताला धरून घेऊन गेला. डिस्कवर काकांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. दुसरी प्रत? "दुसरी प्रत म्हणजे दुसरी डिस्क ना? तिचे किती होतात ठाऊक आहे?" ते फोटो परत काढून देणाऱ्या माणसानं बारा हजार सांगितले. काका तिथे भेंडीच्या थाटात उभे राहिले आणि साडेनऊवर आणले. त्या दिवशी घरी येताना त्यांच्या चालीत जो डौल होता तो मी विसरणार नाही. अडीच हजार वाचवले होते.

रात्री मी न राहवून विचारलं, "काका, एकूण कितीला पडला हो हा डबा?"

त्यांनी वही पुढे सरकवली. मदरबोर्ड 'महावितरण, व्होल्टेजचा चढउतार' या शीर्षाखाली. फोटो 'मुलीचं लग्न, किरकोळ, पुरवणी' या शीर्षाखाली. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. माझी व्हिजिट फी 'शेजारधर्म'. आणि 'एसएमपीएस'च्या पानावर, स्वच्छ, वळणदार अक्षरात: तीन नग, प्रत्येकी ५५०, एकूण १६५०. तुझ्या डब्याची किंमत २६००. निव्वळ बचत ९५०.

एकाही आकड्यात चूक काढता येईना. आयुष्यभर लेखापरीक्षकांना चहा पाजलेल्या माणसाची वही ती. माझ्या बाजूनं पुरावा म्हणून काकांनी परत केलेला तो डबा होता. तो मी माझ्याच दुकानातल्या टेबलाखाली लावला होता आणि अजून कुरकुर न करता चालतो आहे. पण त्याची नोंद काकांच्या वहीत कशी यावी? तो त्यांचा नव्हताच.

परवा माळा आवरताना तिन्ही मेलेले डबे खाली आले आणि काकांनी भंगारवाल्याला हाक मारली. मी जिन्यातच होतो. भंगारवाल्यानं तिन्ही डबे पोत्यात घातले, आकड्याला अडकवले आणि काटा वाचला. "सव्वादो किलो."

काकांचा चेहरा लालेलाल झाला. "सव्वादो? तीन नग है! एकेक साडेचारशे वॅटका! काटा मारतोस काय रे?" त्यांनी पोतं काढायला लावलं, काट्याचा शून्य तपासला, पोतं पुन्हा अडकवलं. सव्वादोन. मग त्यांनी एक डबा हातात घेतला, आणि मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते घडलं. काकांनी तो कानाशी धरून हलवला.

आत काहीतरी सुटं खुळखुळलं.

"अंदर माल ही नहीं है, काका," भंगारवाला म्हणाला. "तांबा किधर है इसमें? साठ दूँगा, तीनों का."

काका माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. ते बघत नव्हते. ओठ हलत होते. सत्तरवर घासाघीस झाली, पैसे मोजून झाले, आणि काका चष्मा लावून आत वही काढायला गेले. मी दारातून बघितलं तेव्हा हिरव्या शाईचं पेन उघडं होतं आणि ९५० च्या खाली ७० मांडून झाले होते.