अडकित्ता आणि अर्धी गोळी

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 ला दारू बंद झाली आणि 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती 1993 पासून बंदच आहे. या बंदीनं काय साधलं यावर इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर लगेच दोन तट पडतात. मला त्यात पडायचं नाही. मला हेवा वाटतो तो फक्त त्या आदेशाचा. एक कागद निघतो, ठरल्या तारखेला टाळं लागतं आणि विषय संपतो, निदान कागदावर तरी. माझ्या आयुष्यातून प्रेडनिसोलोनची गोळी काढायची, तर असा आदेश कुणालाच काढता येत नाही. कलेक्टरांना नाही, नागपूरच्या डॉक्टरांना नाही आणि मला तर नाहीच.

मला आमवात आहे. सुरुवातीला सकाळी मूठ मिटायची नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा आणि फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. डॉक्टरांनी मुख्य औषध दिलं ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट. पण त्याला गुण दाखवायला दीड-दोन महिने लागतात. तोवर निभावून न्यायला प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी. दोन-तीन दिवसांत मी कणीक मळायला लागले, आणि आठवड्याभरात घरातले सगळे पडदे काढून धुतले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर 1948 मध्ये आमवातानं खिळलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा याच जातीचं कॉर्टिसोन टोचलं, तेव्हा तीही काही दिवसांत चालू लागली आणि बाजारात खरेदीला गेली म्हणे. या संशोधनासाठी डॉक्टर हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना 1950 मध्ये नोबेल मिळालं. त्या बाईची खरेदी मला अगदी समजते. पडदे धुणारीलाच ती समजणार.

पुढं मात्र पाहुणा घरचा झाला. मुख्य औषध पुरेसं पडेना, मग ते बदललं, मध्ये कोविड आला, आणि ‘काही आठवडे’ म्हणून आलेली गोळी वर्षानुवर्षं राहिली. रात्री तीनला जाग येऊन भात आणि जवसाची चटणी खावीशी वाटायची. गाल फुगले, चेहरा वाटोळा झाला. पुण्यात असते तर कुणी काळजीनं विचारलं असतं. आमच्याकडे मात्र कौतुक! “बाई, रिटायरमेंट मानवली तुम्हाले, तब्येत लागली!” हाडं ठिसूळ होऊन रायली, साखर चढून रायली, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या वाटोळ्या तोंडानं तर नाहीच.

शेवटी डॉक्टर म्हणाले, आता उतरायचं. मी विचारलं, “मग उद्यापासून बंद करू?” त्यांनी असं पाहिलं, की वर्गातली सगळ्यात ढ मुलगी मीच. मग त्यांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि त्यांच्या डोक्यावर एकेक टोपी काढली. या टोप्या म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी. त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात, साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की मेंदू त्यांना निरोप धाडणं थांबवतो आणि त्या स्वस्थ बसतात, चक्क आक्रसतात. गोळी एकदम तोडली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही; उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, जिवावरही बेतू शकतं. त्यांना पुन्हा कामाला लागायला काही महिने, कधी वर्षही लागतं. मला त्या ग्रंथींचा राग आला नाही. इतक्या वर्षांनी मला कुणी परत शाळेत बोलावलं आणि पहिल्याच तासाला सातवी ‘ब’ दिली, तर मीही चक्कर येऊन पडेन.

मग आमच्या घरी अडकित्ता निघाला. सासूबाईंचा, पितळी. आमचे हे सुपारी कातरण्यात पटाईत. चंद्रपूरच्या माणसाला खर्रा आणि सुपारी यांतलं काही ना काही येतंच. पाचची गोळी ते चष्मा लावून बरोबर मधोमध कापायचे आणि उरलेला चुरा फुंकरीनं उडवायचे. “अहो, त्या चुऱ्यातही औषध आहे!” असं म्हटलं की, “मग तेवढं अजून कमी झालं, बरंच झालं ना!” कुठल्या दिवशी किती, ते मी कालनिर्णयवर लिहायची. त्याच चौकोनात दुधाचाही हिशेब असायचा. एका महिन्यात यांनी माझे सगळे ‘अडीच’ लिटर समजून दूधवाल्याला पैसे दिले. त्यानं ते परत केले, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

वीसवरून दहावर मी हसतखेळत आले. तोवर शरीराला गरजेपेक्षा जास्तच मिळत असतं, मग कशाला तक्रार करेल? खरी परीक्षा पाचच्या खाली. आणि माझे पाच आले ते ऐन मे महिन्यात. पारा 46 च्या पुढं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. हातपाय गळाल्यासारखे, अंग ठणकतंय. आता हे ऊन आहे, गोळी कमी केल्याचं आहे, की आमवात परत उठलाय? तिन्ही एकाच आवाजात बोलतात. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासू, सूज वाढलेली नसेल तर याच पायरीवर थोडं थांबू. थांबणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे मला पटायला वेळ लागला. आयुष्यभर मी मुलांना वरच्या वर्गात ढकलत आले, एकाच वर्गात राहण्यात मान असतो हे ठाऊकच नव्हतं.

एक मात्र त्यांनी बजावलं. ताप आला, उलट्या झाल्या, ऑपरेशन ठरलं, तर गोळी बंद तर नाहीच, उलट त्यांना विचारून वाढवायची. आमच्या या जंगलपट्ट्यात हिवताप काही पुस्तकातला नाही. म्हणून पर्समध्ये चिठ्ठी असते: ‘मी स्टेरॉइड घेते.’

खरं तर आमच्या भागात ही गोळी जुनी आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं तेव्हा कुष्ठरोगाला आजच्यासारखे उपचार नव्हते. आज बहुविध औषधांनी जंतू मरतात. पण जंतूंशी लढताना शरीर कधी कधी स्वतःच्याच नसांवर धावून जातं, नसा सुजतात, हातापायांतली ताकद जाते. त्याला ‘रिअॅक्शन’ म्हणतात, आणि तिथं प्रेडनिसोलोन हात वाचवतं. सरकारी पद्धत साधारण अशी: 40 पासून सुरू, मग 30, 20, 15, 10, 5, प्रत्येक पायरी दोन आठवडे. काहींना ती पुनःपुन्हा लागते. वरोऱ्याच्या बसस्टँडवर एका आजोबांनी माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी ओळखली.

“माही पंधरावर आली,” ते म्हणाले. “तुमची?”

“साडेसात.”

“मंग तुमी पुढं आहा, बाई,” आणि त्यांनी बोटं उघडझाप करून दाखवली. “हे मिटतच नव्हते. आता बिडी पेटवतो.”

बिडीबद्दल मी बोलणार होते, पण बस आली.

म्हणून या गोळीला सरसकट शिव्या देणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांत माझी नणंद पहिली. ती सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात राहते. “वहिनी, सोडा ती अंग्रेजी औषधं. आमच्या बाजारात एक बाबा बसते, जडीबुटीची पुडी देते. एका पुडीत गुडघे मोकळे!” मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा वाटोळा, गाल फुगलेले, मानेमागं चरबीचा उंचवटा. ते तोंड मी रोज आरशात पाहत होते. “पुडी संपली की काय होतं गं?” “काही नाही, उठवतच नाही. दुसरी आणली की झालं.”

अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घालतात, हे डॉक्टर लोक कधीचे सांगताहेत. मला स्टेरॉइडपेक्षा भीती वाटते ती त्याच्या न लिहिलेल्या आकड्याची. माझ्या गोळीवर 5 लिहिलंय, म्हणून तिचे अडीच होतात. पुडीचं अर्धं म्हणजे किती? आज त्या बाबानं किती घातलं, उद्या किती, हे त्यालाही ठाऊक नसेल. तिथं आमच्या ह्यांचा अडकित्ता काय करणार?

नणंदेला मी ‘फेकून दे’ म्हटलं नाही. पुडी पर्समध्ये घालून तिला डॉक्टरकडे नेलं. तुमच्याही घरी कुणी अशी पुडी घेत असेल, आणि असेलच, तर रागाच्या भरात ती नालीत ओतू नका. माणूस आणि पुडी, दोघांनाही दवाखान्यात घेऊन जा.