एकतीस मेचा मांडव

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कर्मचाऱ्याला बातमी कोठून मिळते, या प्रश्नाचे शासकीय उत्तर 'परिपत्रकातून' असे असले, तरी परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरीसारख्या गावात ते उत्तर कोणी गांभीर्याने देत नाही आणि कोणी तशा अपेक्षेने विचारतही नाही. परिपत्रक म्हणजे एखादी गोष्ट सर्वांना माहीत झाल्यानंतर ती सर्वांना कळविली असल्याचा लेखी पुरावा होय. खुद्द बातमी त्याआधीच कोणाच्या तरी निरोप समारंभात, पंगत बसल्यावर, बुंदीचा दुसरा वाढप सुरू असताना फुटलेली असते. बदल्यांचे वेळापत्रक, महागाई भत्त्याचा थकलेला फरक, सेवापुस्तकातील एखाद्या नोंदीवरून अडलेली वेतनवाढ, साहेबांची संभाव्य बदली आणि येणाऱ्या साहेबांचा संभाव्य स्वभाव हे सारे विषय तेथे निकालात निघतात. त्यामुळे या वर्गाच्या बातम्या एका बाजूला आणि समारंभ दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांचा विचार करणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष ठरते.

येलदरी राज्यभर परिचित आहे ती धरणामुळे. पूर्णा नदीवरील हे धरण 1958 ते 1968 या काळात उभे राहिले, त्याच्या पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता 22.5 मेगावॉट आहे, आणि धरणाच्या कामासाठी वसविलेल्या वस्तीला आजही 'येलदरी कॅम्प' म्हणतात, कारण काम संपून अर्धशतक उलटले तरी कॅम्प काही उठलेला नाही. धरण व वीजगृह ही राज्य पातळीवरील यंत्रणांची मालमत्ता. गावाचे दिवे, नळ, शाळा, अंगणवाडी आणि लसीकरण मात्र स्थानिक स्वराज्य संस्थांकडे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तीन पायऱ्यांकडे येते. यांपैकी वरच्या दोन पायऱ्या 1961 च्या अधिनियमान्वये 1 मे 1962 पासून अस्तित्वात आल्या, म्हणजे धरणाच्या भिंतीइतकेच त्यांचेही वय आहे, आणि दोहोंच्या बाबतीत वरिष्ठांचा पहिला प्रश्न 'सध्या किती टक्के?' हाच असतो. एके ठिकाणी तो पाणीसाठ्याचा असतो व दुसरीकडे घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीचा, आणि एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही उत्तरे देताना उत्तर देणाऱ्याचा चेहरा सारखाच होतो.

बातमीचा अधिकृत प्रवास समजण्यास पूर्णेचाच दृष्टान्त उपयोगी पडतो. हे पाणी वर बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरणात अडते, तेथून सुटले की येलदरीत साठते, आणि येलदरीतून वीजगृहामार्गे खाली सिद्धेश्वर धरणात जाऊन मग कालव्याला लागते. येलदरीचे काम साठवणे व पुढे सोडणे एवढेच. शासकीय आदेशही असाच मंत्रालयात उगम पावून परभणीच्या जिल्हा परिषदेत अडतो, जिंतूरच्या पंचायत समितीत साठतो आणि वरून दाब वाढला की एकदम गावात सुटतो. प्रत्येक टप्प्यावर बाष्पीभवन होते ते फक्त मुदतीचे: पंधरा दिवसांची मुदत खाली पोहोचते तेव्हा 'आज सायंकाळी पाच' एवढीच उरलेली असते. पूर्वी टपाल घेऊन येणाऱ्या शिपाईमामांमुळे या विलंबास निदान मानवी चेहरा होता. व्हॉट्सअॅपच्या गटांनी तोही घालविला. आता ग्रामसेवक, गुरुजी, आरोग्यसेविका, अंगणवाडीताई असे ज्याचे त्याचे गट आहेत, त्यात रात्री साडेदहाला माहितीचा तक्ता पडतो आणि त्याखाली क्षणार्धात नमस्काराच्या हातांची रांग लागते. या हातांचा अर्थ आदेश वाचला असा नसून आदेश आल्याचे दिसले एवढाच असतो. तक्त्याच्या तळाशी 'माहिती निरंक असल्यास तसे कळवावे' ही ओळ ठरलेली. निरंक म्हणजे देण्यासारखे काहीही नसणे. परंतु देण्यासारखे काही नाही हेही विहित नमुन्यात, स्वाक्षरी व शिक्क्यासह आणि तात्काळ द्यावे लागते, व ते न दिल्यास स्मरणपत्र येते.

समारंभांपैकी ठरावीक दिनांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 24 एप्रिलला पंचायत राज दिन, 28 एप्रिलला सेवा हक्क दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 26 नोव्हेंबरला संविधान दिन अशी ही माळ वर्षभर चालू असते आणि प्रत्येक दिन साजरा झाल्याची खूण म्हणजे प्रतिमापूजनाचे छायाचित्र होय. छायाचित्र गटावर पडले की दिन संपला. मराठवाड्यातील कर्मचाऱ्याचे एक वैशिष्ट्य तेवढे नोंदवावयास हवे. उर्वरित महाराष्ट्र वर्षातून तीन मोठी ध्वजवंदने करतो, तर येथे 17 सप्टेंबर हा 1948 साली निजामाच्या राजवटीतून मुक्त झाल्याचा दिवस धरून चौथे ध्वजवंदन होते. मुक्तीचा आनंद सकाळी सात वाजता पांढरा सदरा घालून, हजेरीपटावर सही करून व्यक्त करावयाचा असतो, आणि तो दिवस रविवारी आला तर त्यावर्षीची सुट्टी बुडाल्याची खंत राष्ट्रगीत संपल्यावर लगेच बोलून दाखविली जाते.

खरा समारंभ मात्र निरोपाचा. याची दोन उपांगे आहेत. बदली झालेल्याचा निरोप हा साधा, चहा-फराळावर भागणारा असतो, कारण बदली रद्द होऊन सत्कारमूर्ती पुढल्या सोमवारी त्याच खुर्चीत दिसण्याची शक्यता आयोजकांनी गृहीत धरलेली असते. शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या 2017 च्या धोरणानंतर संगणकावर होऊ लागल्या, तेव्हापासून या अनिश्चिततेत 'खो' या संज्ञेची भर पडली. बदलीचा अधिकार मिळालेल्या शिक्षकाने एखादी शाळा पसंतिक्रमात मागितली की तेथे बसलेल्या बदलीपात्र शिक्षकाला उठावे लागते, यास खो बसणे म्हणतात. जिंतूरजवळची शाळा मिळावी म्हणून धडपडणाऱ्याला येलदरीची शाळा 'पंधरा किलोमीटर आत' वाटते आणि सेनगावच्या बाजूने विचार करणाऱ्याला तीच 'रस्त्यावरची' वाटते, त्यामुळे खो कोठून येईल हे सांगता येत नाही.

दुसरे उपांग म्हणजे सेवापूर्ती सोहळा, व तो महत्त्वाचा. गट 'ड' सोडून इतर कर्मचारी वयाच्या 58 व्या वर्षी, ते वय ज्या महिन्यात पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात. जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. या निरुपद्रवी नियमाचा संबंध जुन्या मुख्याध्यापकांच्या एका सवयीशी येतो. शाळेत नाव घालताना मुलाची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नसे, पाऊस कोणत्या साली जास्त झाला होता एवढेच आई सांगे, आणि मुख्याध्यापक वर्षाचा अदमास घेऊन पुढे 1 जून लिहून मोकळे होत. एका पिढीतील असंख्य मुले अशी एकाच दिवशी जन्मली आणि त्यांपैकी जी नोकरीला लागली ती एकाच दिवशी, 31 मे रोजी, निवृत्त होऊ लागली. प्रशासनात रिक्त पदांचा प्रश्न का उद्भवतो यावर चर्चासत्रे होतात; त्यातील काही भाग तरी दौतीत बुडविलेल्या त्या टाकाने आधीच सोडवून, किंवा निर्माण करून, ठेवलेला आहे.

31 मेचे दुष्परिणाम बहुविध आहेत. परभणीचा मे महिना पारा 42 अंशांवर नेऊन ठेवतो, शाळांना सुट्टी असते, म्हणून ज्या गुरुजींनी तीन तपे मुले शिकविली त्यांच्या निरोपाला मुलेच नसतात. यावर उपाय म्हणून काही शाळा समारंभ एप्रिलच्या अखेरीस उरकतात आणि सत्कारमूर्तीला शाल-श्रीफळ घेऊन आणखी महिनाभर सेवेतच राहावे लागते, ही स्थिती लग्न लागल्यावर वधूने माहेरीच राहण्यासारखी असल्याने ती उभय पक्षांना अवघड जाते. शिवाय हे दिवस लग्नसराईचे. मांडववाला, आचारी आणि लाऊडस्पीकर हे तिन्ही तिथींना बांधलेले असतात, त्यामुळे एकाच दिवशी निवृत्त होणाऱ्या तिघाचौघांचा सामुदायिक सोहळा करण्याचा व्यवहारी तोडगा निघतो. मात्र फ्लेक्सवर कोणाचा फोटो मधोमध येईल, हा सेवाज्येष्ठतेचा प्रश्न तेथेही सुटत नाही; सर्वांची जन्मतारीख एकच असल्याने रुजू दिनांक पाहावा लागतो, आणि तोही एकच निघाला तर मानाचा क्रम आडनावाच्या आद्याक्षरावर जातो.

सोहळ्याचा विधी ठरलेला आहे. वर्गणीची यादी आधी फिरते; पहिले नाव मोठ्या रकमेचे असावे लागते, कारण खालचे सर्व त्याच्याकडे पाहून आकडा ठरवितात. सत्कार सपत्नीक असतो, आहेर भरपूर असतो, अध्यक्ष उशिरा येतात. प्रास्ताविकात सत्कारमूर्तीचा जीवनपट रुजू दिनांकापासून सुरू होतो, जणू तत्पूर्वी ते अर्जित रजेवर होते. त्यानंतर जी मनोगते होतात त्यांतून माणूस मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि वेळेचा पक्का असल्याचे निष्पन्न होते. गोपनीय अहवालात ज्याला वर्षानुवर्षे 'साधारण' शेरा मिळाला तोही येथे अत्युत्कृष्ट ठरतो, आणि दोन्ही मतांखाली सही एकाच अधिकाऱ्याची असू शकते. यात ढोंग आहे असे म्हणणे घाईचे होईल. कागदावर खरे लिहिले की त्याला अपील होते, मांडवात चांगले बोलले की जेवण होते. प्रशासनातील शहाणपण या दोन्ही वास्तवांना जागा देते.

बातमीचे वितरण भाषणे सुरू असताना मागच्या खुर्च्यांवर चालते. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी देय होणाऱ्या वेतनवाढीबाबत निर्णय दिला, त्याचे सर्वांत सखोल विवेचन अशाच खुर्च्यांवर झाले असावे. बहुतेकांची वार्षिक वेतनवाढ 1 जुलैची; ज्याच्या मुख्याध्यापकाने 1 जूनऐवजी 1 जुलै लिहिले तो 30 जूनला निवृत्त होई आणि वर्षभर काम करूनही त्याची वाढ एका रात्रीने हुकत असे. न्यायालयाने ती वाढ निवृत्तिवेतनासाठी धरावी असे ठरविल्यावर जुलैवाले एकाएकी भाग्यवान ठरले, आणि मेवाल्यांनी आपल्या मुख्याध्यापकांच्या हस्ताक्षराकडे नव्या नजरेने पाहिले.

या खुर्च्यांवरील अंतिम अधिकार मात्र शिपाईमामांचा असतो. गट 'ड' चे निवृत्तिवय 60 असल्याने मामा ज्यांच्या टेबलावर फाईल ठेवत आले त्या समवयस्क बाबूंना निरोप देऊन आणखी दोन वर्षे कचेरीत उरतात. कोणती बदली होणार व कोणती होणार नाही याविषयी त्यांचे भाकीत शासन निर्णयापेक्षा अधिक काळ टिकते. याउलट गावातील प्रत्यक्ष कामाचा मोठा वाटा उचलणारी काही माणसे या साऱ्या गणनेबाहेर आहेत. आशाताईंना वेतन नसून मोबदला मिळतो, ग्रामरोजगार सेवकाला मानधन मिळते, आणि नळ सोडणाऱ्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या पगाराचा शासकीय हिस्सा वसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला असल्याने त्याचे मासिक उत्पन्न शेजाऱ्यांच्या पाणीपट्टी भरण्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहते. समारंभात खुर्च्या मांडणारे, सत्कारासाठी हार धरून उभे राहणारे आणि पंगतीत वाढणारे हेच. आपल्याला फ्लेक्स कधी लागेल, हा हिशेब त्यांना करता येत नाही.

कर्मचाऱ्यांचा अलीकडचा सर्वांत मोठा सामुदायिक कार्यक्रम म्हणजे 14 ते 20 मार्च 2023 चा संप. 1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर लागलेल्यांना जुनी, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आयुष्यभर देणारी पेन्शन नसून बाजाराशी जोडलेली अंशदायी योजना होती. ती बदलावी म्हणून 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा राज्यभरातील कचेऱ्यांपुढे दुमदुमली. संप मार्चअखेरीच्या ऐन धांदलीत आल्याने निधी खर्च करण्याची घाई असलेल्या वरिष्ठांच्या पोटात गोळा उठला, आणि 1977-78 चा 54 दिवसांचा संप पाहिलेल्या निवृत्तांनी सात दिवसांत मिटलेल्या या आंदोलनाकडे कौतुकमिश्रित तुच्छतेने पाहिले. त्या आठवड्यात पंचायत समित्यांपुढच्या मांडवांत अनेक वर्षांत प्रथमच ग्रामसेवक, शिक्षक आणि आरोग्यसेविका एकत्र बसले, व एकमेकांना ते निरंक माहिती नक्की कोणासाठी गोळा करतात, हे विचारण्याची त्यांना सवड मिळाली. उत्तर कोणालाच देता आले नाही.

यानंतरच्या सेवापूर्ती सोहळ्यांत 'आता निवांत आयुष्य जगा' हे वाक्य जपून उच्चारावे लागते, कारण समोरचा 2005 च्या आधीचा की नंतरचा, यावर त्याचा अर्थ ठरतो. आधीचा हसून मान हलवितो, नंतरचा खिशातून मोबाईल काढून सेन्सेक्स पाहतो. 2024 मध्ये ग्रामसेवकाचे पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले, त्यामुळे नंतरच्या पिढीला निदान फ्लेक्सवर 'अधिकारी' म्हणून निवृत्त होता येईल.

नव्याने रुजू होणाऱ्यासाठी कोणताही सोहळा नाही. तो रुजू अहवाल दोन प्रतींत देतो, पदभाराच्या यादीतील मोडके कपाट मोडके असल्याचे लिहून घेतो, त्याचा क्रमांक गटात समाविष्ट होतो, आणि त्याच रात्री साडेदहाला त्याच्या आयुष्यातील पहिला तक्ता येतो. मागील तीन वर्षांची माहिती, उद्या सकाळी दहापर्यंत. खाली नमस्काराचे हात लागलेले असतात. तोही आपले दोन हात त्यात मिसळतो आणि मग शेजारच्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला फोन करून हळूच विचारतो, की यात निरंक भरले तर चालते का.