परवाना दंडाचा

रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट लागतो. मात्र साठीच्या काकांच्या खांद्यावर चाळीस किलोची सळई ठेवून ‘बसा खाली’ म्हणायला आपल्याकडे कायद्याने कसलाच परवाना लागत नाही. लागतो तो एक घट्ट टी-शर्ट.

तरी हौशी मंडळी रीतसर शिकतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजची परीक्षा द्यायची तर आधी सीपीआरचा दाखला हवा, मग तीन तास बसून दीडशे प्रश्न सोडवायचे. बरं, पास झालं की सुटलं असंही नाही. दर दोन वर्षांनी वीस तास नवं शिकल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर प्रमाणपत्र बाद. आता एवढी कटकट कोण करणार? आणि का करावी? पर्सनल ट्रेनर निवडताना लोक दाखला बघत नाहीत, दंड बघतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून व्यायाम शिकवतंय. पण तिथल्या पदवीत शरीरशास्त्राचाही अभ्यास करावा लागतो, आणि तो काही रीलमध्ये दिसत नाही.

आमच्या गल्लीतल्या सरांनी तर थेट अनुभवावर भर दिला आहे. गेल्या दिवाळीपर्यंत ते मोबाइलची कव्हरं विकत. काका म्हणाले, “सर, गुडघा कुरकुरतोय हो.”

“सगळं मनात असतं, काका. अजून पाच मारा.”

काकांनी मारले. गुडघ्याची पट्टी सरांकडेच मिळते, प्रोटीनच्या डब्यावर सवलतीत.